शेजारचा चौकोन



संपादकीयाची सुरुवात संगणकावरच्या एका खेळाने झाली, याचे काहीजणींना नवल वाटेल. पण डहाणू-तलासरीच्या बायांपुढे आज जे वाढून ठेवले आहे, ते समजून घ्यायला मला हा खेळ फार उपयोगी पडला.

‘सिमसिटी’ हा शहर वसवण्याचा खेळ अमेरिकेत विल राईट यांनी तयार केला. तो बाजारात आला १९८९ साली. खेळणारा महापौर असतो. पडद्यावर मोकळी जमीन, थोडी झाडी आणि पाणी दिसते. राहण्यासाठी हिरवा पट्टा आखायचा, दुकानांसाठी निळा, कारखान्यांसाठी पिवळा. रस्ता आणि वीज पोचवली की माणसे आपोआप राहायला येतात. झाडे आड आली तर बुलडोझरचे बटण दाबायचे. २००३ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत तर अख्खा महानगर प्रदेशच वसवता येऊ लागला. प्रदेशाचे चौकोन पाडलेले, प्रत्येक चौकोनात एक शहर आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत करार. एकाने दुसऱ्याला वीज द्यायची, पाणी द्यायचे, आपला कचरा त्याच्याकडे पाठवायचा. खेळात मुरलेल्यांची एक युक्ती ठरलेली असते. धूर ओकणारे कारखाने आणि वीजकेंद्र कोपऱ्यातल्या एका चौकोनात टाकायचे. मग मुख्य शहर स्वच्छ राहते, तिथल्या जागेला भाव येतो आणि महापौराची लोकप्रियता वाढते.

त्या कोपऱ्यातल्या चौकोनात कोण राहते, हा प्रश्न खेळात येत नाही. आमच्याकडे मात्र त्या चौकोनाला नाव आहे.

मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण १९७५ साली स्थापन झाले. २०१९ मध्ये या प्रदेशाची हद्द वाढवून ती ६,३२८ चौरस किलोमीटर केली आणि पालघर तालुका आत घेतला. डहाणू आणि तलासरी तेव्हा हद्दीबाहेरच राहिले. पण शेजाऱ्याचे करार कधीच सुरू झाले होते. डहाणूचे ५०० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र १९९५ पासून मुंबईच्या उपनगरांसाठी वीज बनवते आहे. सूर्या नदीवरचे धामणी धरण डहाणू, विक्रमगड आणि पालघरच्या शेतीला पाणी मिळावे म्हणून बांधले. आता त्यातून दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर पाणी महानगरासाठी राखलेले आहे. त्यातले १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला. उन्हाळ्यात पाड्यावरची बाई ज्या डोहात वाटीवाटीने हंडा भरते, तिच्याशी हा करार कोणी केला, कधी केला? तिची सही कुठे आहे?

डहाणूला निदान एक कुंपण होते. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि उद्योगांना ५०० एकरांची मर्यादा पडली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले आणि त्याने १९९८ मध्ये वाढवणचे बंदर नाकारले. धर्माधिकारी २०१९ मध्ये गेले. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये त्याच जागी बंदराला ना-हरकत दिली. एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींची मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला भूमिपूजन झाले. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव पडायचा आहे. बंदराच्या पाठोपाठ ‘चौथी मुंबई’ हा शब्द मंत्र्यांच्या भाषणांतून ऐकू येऊ लागला आहे. म्हणजे इतकी वर्षे शेजारचा असलेला चौकोन आता मुख्य शहरासाठीच रिकामा करायचा असे दिसते.

आमच्या एका शिबिरात जेवणानंतर एका तरुण कार्यकर्तीने हा खेळ लावला. तिने डोंगर, नदी, समुद्र असलेला एक काल्पनिक प्रदेश घेतला आणि किनाऱ्यावर बंदर, मागे कारखाने, टेकडीवर श्रीमंतांची वस्ती असे झपझप मांडत गेली. तलासरीकडच्या बाया भोवती बसून पाहत होत्या. खेळ मजेचाच आहे, त्यांनाही गंमत वाटत होती. मग एकीने विचारले, “या बाया सरपणाला कुठं जातात गं?” दुसरी म्हणाली, “जातायत कुठं, सगळे घरून कामाला अन् कामावरून घरी. मधे कोणी कुठं थांबतच नाही.”

तिने नेमके बोट ठेवले. खेळाच्या हिशोबात माणसाची फेरी दोनच टोकांची असते. घर आणि नोकरी. रस्ते त्यावरून मोजायचे, गर्दीही त्यावरूनच. बाईचा दिवस असा नसतोच. पाणवठा, रान, अंगणवाडी, रेशनचे दुकान, दवाखाना, बाजार, आजारी सासू, आणि यातच मजुरी. आमच्याकडे प्रत्यक्षात आखलेले मार्गही या खेळासारखेच आहेत. मुंबई-अहमदाबाद महामार्ग तलासरीतून जातो आणि डोक्यावर भारा घेतलेली बाई सहा पदरी रस्ता जीव मुठीत धरून ओलांडते. बुलेट ट्रेन ५०८ किलोमीटर धावणार. तिचा मार्ग डहाणू-तलासरीतून जातो, पण बोईसरनंतरचे स्थानक थेट वापी. जमीन आमची गेली, थांबा नाही.

याचा अर्थ आम्हाला शहर नकोच, असा कोणी घेऊ नये. तलासरीच्या कितीतरी मुली पहाटे नाक्यावर उभ्या राहून उंबरगाव, वापी, सिल्वासाच्या कंपन्यांत जातात. टेम्पोत कोंबून जातात, अंधारात परततात. त्यांना बस हवी आहे, नाक्यावर दिवा हवा आहे, कामाच्या जागी संडास आणि पुरती मजुरी हवी आहे. हेही नियोजनच आहे. त्याला ७६ हजार कोटी लागत नाहीत, म्हणूनच बहुधा ते कोणाच्या आराखड्यात बसत नाही.

खेळात ‘संकटे’ अशीही एक यादी असते. आग, पूर, भूकंप हवा तेव्हा बटणाने आणायचा, घरे पडताना पाहायची, मग पुन्हा बांधायची. आमच्या धुंदलवाडी परिसरात नोव्हेंबर २०१८ पासून धक्के सुरू झाले आणि १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. घाबरून पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी गेली. त्या थंडीत कुटुंबेच्या कुटुंबे घराबाहेर, तंबूत झोपली. बाळंतीण कुठे झोपली, मुली रात्री बाहेर कुठे गेल्या, हे कोणत्याच अहवालात मला वाचायला मिळाले नाही. अशा जमिनीवर किती मजले चढवायचे, हे ठरवणाऱ्यांनी तिथे एक रात्र तरी काढावी.

आता भरपाई. वाढवण, वरोर, धाकटी डहाणूच्या किनाऱ्यावर बोट पुरुषाच्या नावे असते. मासळी निवडणे, बोंबील वाळवणे, टोपली डोक्यावर घेऊन बाजार करणे हे बाईचे काम. कागदावर मच्छीमार म्हणजे बोटीचा मालक. मग वाळवणीची जागा गेली तर नुकसान कोणाचे धरायचे? जमिनीचेही तेच. सातबारावर बाईचे नाव शोधावे लागते. वनहक्क कायद्याच्या (२००६) कलम ४(४) प्रमाणे दाव्याचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवायचा असतो. तुमच्या पाड्यावरची प्रमाणपत्रे काढून पाहा, दोन्ही नावे आहेत का.

आणि एक गोष्ट घरातली. मोर्चात बाया पुढे, लाठी पडली तर पहिली त्यांच्यावर, आणि अधिकाऱ्यासमोर चर्चेला बसताना सगळे पुरुष, हे आपल्या चळवळीतही घडते. १९४५ पासून वारल्यांनी वेठबिगारी आणि लग्नगडीच्या पद्धतीविरुद्ध लढा दिला, त्याच्या पुढारपणात गोदावरी परुळेकर होत्या. त्याच भागात आज चर्चेच्या टेबलाशी बाई बसवायला भांडावे लागते. दलाल तर थेट घरधन्याला गाठतो. बाईला व्यवहार कळतो तो आलेल्या पैशातली मोटारसायकल दारात उभी राहिल्यावर.

तेव्हा आराखडा येण्याची वाट पाहत बसू नये. प्रारूप निघते ते राजपत्रात, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात, हरकतींची मुदत ठरलेली असते आणि ती पाड्यावर कळेपर्यंत बहुधा संपत आलेली असते. दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीत आहेत. पेसा कायदा १९९६ चा, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. भूसंपादनापूर्वी सल्लामसलत करणे बंधनकारक आहे. ग्रामसभेपूर्वी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. बहुतेक ठिकाणी ती हजेरीपटावरच भरते. ती खरीखुरी भरवा आणि तिथे आपला नकाशा काढा. जमिनीवर रांगोळीने काढा, मग कागदावर उतरवा. पाणवठे, मार्चनंतर आटणारे वेगळ्या रंगात. सरपणाच्या आणि गवताच्या वाटा, मोहाची झाडे, शेवळी उगवते ती जागा. बोंबील वाळवण्याचा किनारा. अंधारात मुली ज्या वाटेने परततात ती वाट, आणि जिथे त्यांना भीती वाटते ते वळण. खाली ठराव लिहा, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या. नकाशाचा मूळ कागद गावातच ठेवा. कचेरीत द्यायची ती झेरॉक्स, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.