माकडाचें भय कोणास?

माकडाचा माणूस होतांना कोणीं पाहिला, डार्विन खोटा, असें तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह २०१८ सालीं औरंगाबादेंत वैदिक संमेलनाच्या निमित्तानें बोलले. असें बोलणाऱ्या सर्वांस आमचा उलट सवाल आहे: ब्रह्म्याच्या मुखांतून ब्राह्मण व पायांतून शूद्र निघतांना तरी कोणीं पाहिले? उत्क्रांतीनें देव जात नाहीं. ती निव्वळ तर्क नव्हे, असें पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९९६ सालीं कबूल केलें; त्यांचा देव जागचा हलला नाहीं. मग हलतें काय? सर्व माणसांचें कूळ एक ठरलें कीं जन्माचें श्रेष्ठपण हलतें! एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकांतून २०२३ सालीं उत्क्रांतीचा धडा गाळला गेला. बहुजनहो, तो पोरांस घरीं शिकवा. निर्मिक रागावणार नाहीं. रागावतील ते त्याचे दलाल!