पाडव्याचा मुहूर्त आणि दुसरे घर

वर्षप्रतिपदेला दारी गुढी उभी राहते, कडुनिंबाचा प्रसाद होतो, आणि त्याच सकाळी अनेक घरांतील पतिपत्नी चेकबुक घेऊन बाहेर पडतात. साडेतीन मुहूर्तांपैकी हा एक; या दिवशी घराचे टोकन द्यावे ही रीत आता सोन्याच्या खरेदीइतकीच रूढ झाली आहे. घर राहण्यासाठी असेल तर आम्हांस विशेष काही म्हणावयाचे नाही. परंतु पाडव्याला नोंदविले जाणारे घर हल्ली पुष्कळदा दुसरे असते. निवृत्तीनंतर हाती आलेला भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, क्वचित गावच्या जमिनीच्या विक्रीची रक्कम अशा पुंजीतून ते घेतले जाते. दरमहा भाडे यावे, पुढे मुलाबाळांना काही राहावे, हा त्यामागील हेतू. हेतू निर्मळच आहे. आमचा आक्षेप आहे तो घाईला, आणि त्या घाईला मुहूर्ताचे नाव देण्याला.

मुहूर्त ही आपल्याकडे विचाराच्या शेवटी येणारी गोष्ट आहे. लग्नात आधी स्थळाची चौकशी होते, पत्रिका पाहतात, बैठक होते, याद्या होतात. मग गुरुजी तिथी काढून देतात. सकाळी मुलगी पाहून दुपारी अक्षता टाकणारा वरपिता कोणी पाहिला आहे काय? घराच्या बाबतीत मात्र हेच सर्रास चालते. 'सवलत फक्त पाडव्यापुरती' अशी पाटी दिसली की भलीभली माणसे विरघळतात. गंमत अशी की पाडवा हा सार्वजनिक सुट्टीचा दिवस. दुय्यम निबंधकांची कार्यालये त्या दिवशी बहुधा बंदच असतात. म्हणजे मुहूर्तावर ना करार होतो, ना नोंदणी. आपला धनादेश तेवढा विकासकाच्या टेबलावर जातो.

घर गुंतवणूक म्हणून घ्यावयाचे तर प्रथम त्रैराशिक मांडावे. समजा, घराची किंमत ६० लाख रुपये आहे आणि भाडे महिना १५ हजार. वर्षाचे १ लाख ८० हजार झाले, म्हणजे किमतीच्या ३ टक्के. त्यातून सोसायटीची देखभाल वर्गणी, मालमत्ता कर, रंगरंगोटी आणि भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा एखादा महिना वजा करावा. बँकेचे कर्ज काढले असेल तर त्याचे व्याज या ३ टक्क्यांच्या दुपटीहून अधिक भरते. हप्त्याचा भार भाडे उचलील, ही समजूत आपल्या मोठ्या शहरांत सहसा टिकत नाही. उरते ती किंमत वाढण्याची आशा. आणि केवळ आशेवर निवृत्त माणसाने आपली सर्व पुंजी लावावी, हे आम्हांस मान्य नाही. निदान औषधपाण्याचा पैसा वेगळा ठेवूनच या वाटेला जावे.

कायद्याने ग्राहकाला पूर्वी नव्हते इतके बळ दिले आहे. २०१६ चा स्थावर संपदा कायदा झाला आणि २०१७ च्या मे महिन्यापासून महारेराचे काम सुरू झाले. ५०० चौरस मीटरांहून मोठ्या भूखंडावरील आणि आठांहून अधिक सदनिकांच्या नव्या प्रकल्पाला नोंदणी केल्याविना जाहिरात करता येत नाही. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाने घेऊ नये, आणि ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावेत, असे बंधन आहे. मात्र हे बळ वापरावे लागते. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची प्रगती, मुदतवाढ, जमिनीवरील कर्ज, चालू दावे हे सारे पाहावयास मिळते. ते न पाहता नमुना सदनिकेतील झुंबर पाहून निर्णय करणाऱ्यास कायदा तरी काय करणार? सातबारा किंवा मिळकत पत्रिका मागावी. सातबाऱ्यातील 'इतर हक्क' हा रकाना आमचे वाचक क्वचितच वाचतात, आणि बोजे तर तेथेच नोंदलेले असतात. स्वतःच्या वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. विकासकाने सुचविलेल्या वकिलाकडून नव्हे.

मग संधी कोठे आहे? जाहिरातींनी सांगितलेल्या भविष्यात ती शोधू नये, असे आमचे मत आहे. नवी मुंबईच्या विमानतळाच्या नावाने पनवेल-उलव्याकडील घरे कित्येक वर्षे विकली जात होती. पायाभरणी फेब्रुवारी २०१८ मध्ये झाली, उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये. तेथे राहावयास गेलेल्यांचे संसार मार्गी लागले. पण दोन वर्षांत दामदुप्पट होईल म्हणून हप्ते भरणाऱ्यांचा हिशेब निराळा. नवख्याने वसलेल्या वस्तीतील, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले, सोसायटी नोंदलेले जुने घर आधी पाहावे. महाविद्यालय, रुग्णालय, रेल्वे स्थानक जवळ असले की भाडेकरू शोधावा लागत नाही. भोगवटा मिळालेल्या घरावर जीएसटी लागत नाही. बांधकाम चालू असलेल्या घरावर सामान्यतः ५ टक्के लागतो. मात्र इमारतीखालील जमीन सोसायटीच्या नावे झाली आहे काय, हे आवर्जून विचारावे. अभिहस्तांतरण न झालेल्या सोसायट्या आजही थोड्या नाहीत, आणि पुनर्विकासाच्या वेळी नेमके तेथेच घोडे अडते.

केवळ गृहिणीच्या नावे घर घेतल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ६० लाखांवर ती ६० हजारांची होते. लक्ष्मी घरी आणण्याचा हा मार्ग सोन्याच्या नाण्याच्या भेटीपेक्षा आम्हांस अधिक पटतो. भाडेकरू ठेवताना लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवून घ्यावा. ओळखीचा माणूस आहे म्हणून तो टाळू नये. आणि किंमत वाढेल म्हणून कुलूप लावून ठेवलेले, तिन्हीसांजेला दिवा न लागणारे घर कोणत्याच हिशेबात बसत नाही.

तेव्हा यंदा पाडव्याला टोकन देण्याऐवजी सातबारा हाती घ्यावा. तेथून अक्षय तृतीयेपर्यंत सुमारे महिना मिळतो. वकिलाच्या शोधाला बहुधा तेवढा पुरतो. नच पुरला, तर विजयादशमी आहेच.