टाचांना कोकमतेल

भगिनींनो, थंडीत टाचा फुटल्या की दिवसभर उभ्याने काम करणे जड जाते. यंदा आम्ही घरीच मलम करून पाहिले. कोकमाच्या बियांचे तेल गोळ्यासारखे घट्ट मिळते. ते दोन चमचे किसून वाटीत घ्या, वाटी गरम पाण्यात ठेवा. वितळले की दोन चमचे खोबरेल घालून डबीत ओता. रात्री पाय धुऊन, कोरडे पुसून चोळा, वर जुने मोजे घाला. भेगेतून रक्त येत असेल किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

चेहऱ्याला लिंबू मात्र चोळू नका. उन्हात कातडी भाजते. गोरेपणाच्या काही बिननावी क्रीममध्ये पारा असतो, तो मूत्रपिंडे बिघडवतो. तसल्या डब्या आम्ही पोरींकडून काढून घेतल्या. रुसल्या, रुसू देत!