घरभाड्याची जात

मुंबईत घरभाडे वाढले, ही आता बातमी राहिलेली नाही. २०२० च्या टाळेबंदीत गावी गेलेला भाडेकरू परतला, कार्यालये पुन्हा उघडली आणि २०२२ पासून भाडे जे चढू लागले ते उतरायचे नाव घेत नाही. वृत्तपत्रांच्या मालमत्ता पुरवण्यांत या वाढीचे कौतुक चालते. घरात पैसा गुंतवणाऱ्याला आता चांगला परतावा मिळतो, असे तेथे सांगितले जाते. हा परतावा ज्याच्या खिशातून जातो, त्या भाडेकरूविषयी मात्र एक ओळ नसते. त्या भाडेकरूची जात कोणती, हा प्रश्न तर कोणाला सुचतही नाही. म्हणून तो आपणच विचारला पाहिजे. कारण या शहरात घराचे भाडे चौरस फुटावर ठरते, तसेच ते आडनावावरही ठरते.

आधी साधा हिशेब पाहू. मुंबईत भाड्याचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. मुदत संपली की दहा टक्के वाढ हा जणू रिवाजच झाला आहे. महिना वीस हजारांची खोली या हिशेबाने सात वर्षांत एकोणचाळीस हजारांवर जाते. कंत्राटी कामगाराचा, खासगी शाळेतील शिक्षिकेचा, सुरक्षारक्षकाचा पगार सात वर्षांत दुप्पट होतो काय? होत नाही. मग घर बदलावे लागते. घर बदलले की दलालाला एका महिन्याचे भाडे, घरमालकाला नवी अनामत, टेम्पोचा खर्च आणि मुलांच्या शाळेची फरफट. असे दोन-तीनदा झाले की कुटुंब दिवा, टिटवाळा, बदलापूर, विरारच्या पुढे सरकते. भाडे वाचते, पण रोजचे तीन-चार तास लोकलच्या दारात लटकून जातात.

हे असेच चालत आले आहे काय? नाही. एके काळी या शहरात गरिबाचा सर्वांत मोठा आधार सरकारी खोली हा होता. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार मंडळ, म्हणजेच इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले आणि त्याने बीआयटी चाळी बांधल्या. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. खोली एकशे साठ चौरस फुटांची, संडास सामाईक. पण भाडे मजुराला झेपणारे होते. विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची उमेदीची वर्षे परळच्या बीआयटी चाळीतच गेली. महाडचा सत्याग्रह आणि गोलमेज परिषद या काळात त्यांचे घर म्हणजे चाळीतल्या खोल्याच होत्या. त्या चाळींतही वस्ती जातवार होती आणि १९७४ च्या वरळी दंगलीने तेथील जातद्वेष जगाला दाखवला. तरीही एक गोष्ट खरी होती. मालक सरकार असल्यामुळे तुम्हाला खोली द्यायची की नाही, हे शेजारचा सवर्ण ठरवू शकत नव्हता.

पुढे सरकारने या कामातून अंग काढून घेतले. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्या काळी भाडेकरूला त्या संरक्षणाची गरज होती. पण भाडे कायमचे गोठले, तेव्हा मालकांनी दुरुस्ती सोडली आणि भाड्यासाठी नव्या इमारती बांधणेही सोडले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या गोठवणुकीवर बोट ठेवले आणि १९९९ चा नवा कायदा आला. जुन्या भाडेकरूंना वर्षाला चार टक्के वाढीची मर्यादा मिळाली. नव्याने येणारे मात्र 'लिव्ह अँड लायसन्स'च्या मोकळ्या बाजारात गेले. दरम्यान घर म्हणजे मालकीचे घर, असे समीकरण रुजले होते. मालकीसाठी भांडवल लागते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या भांडवलापासून दूर ठेवले, त्यांनी ते कोठून आणायचे? शिवाय मालकीची घरे सहकारी गृहनिर्माण संस्थांतून आली आणि मुंबईतील या सहकाराचा पायाच ज्ञातीच्या सोसायट्यांनी घातला. १९१५ मध्ये गावदेवीला स्थापन झालेली सारस्वत सोसायटी हा त्याचा आद्य नमुना. सहकार आला, पण तो जातीचा हात धरून आला.

केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालातले आकडे बोलके आहेत. शहरी भारतात भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होते, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले. त्याच अहवालानुसार देशात सर्वाधिक रिकामी घरे मुंबईत होती, सुमारे चार लाख ऐंशी हजार. आणि २०११ च्या जनगणनेनुसार याच मुंबईची सुमारे ४२ टक्के लोकसंख्या झोपडपट्टीत राहत होती. म्हणजे घरे नाहीत म्हणून भाडे वाढते, हे अर्धसत्य आहे. घरे आहेत, पण त्यांना कुलूप आहे. आणि जी उघडी आहेत, त्यांच्या दारात जातीचा पहारेकरी उभा आहे.

जातीचा हा पहारा पैशाने हटत नाही. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांकडे कोलंबिया विद्यापीठाचे शिक्षण होते, संस्थानची नोकरी होती आणि भाडे भरण्याची ऐपतही होती. तरी राहायला जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमात नाव बदलून राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात आले. दोन मित्रांकडे आसरा मागितला, दोघांनीही टाळले. अखेर दिवस बागेत काढून त्यांना मुंबईची गाडी धरावी लागली. आज लाठी दिसत नाही. आज फोनवर आडनाव विचारले जाते, मग 'गाव कोणते', मग 'नॉनव्हेज चालते का'. आणि संध्याकाळी दलालाचा निरोप येतो की जागा कालच गेली. तीच जागा आठवडाभर जाहिरातीत दिसत राहते.

डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व लगतच्या शहरांत याची पद्धतशीर तपासणी केली. ती २०१५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाली. एकाच ऐपतीचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे लोक घर मागायला गेले. सवर्ण नावाला होकार, दलित नावाला अनेकदा नकार आणि मुस्लिम नावाला त्याहून अधिक नकार, असा तो निष्कर्ष होता. ज्यांना घर मिळाले, त्यांनाही कधी जादा भाडे, कधी जाचक अटी होत्या. येथेच भाडेवाढीचे आणि जातीचे नाते उघडे पडते. ज्याच्यासाठी दहा दारे उघडी आहेत, तो घासाघीस करू शकतो. ज्याच्यासाठी दोनच दारे उघडी आहेत, त्याला मागतील ते द्यावे लागते. जे जादा द्यावे लागते, तो जातीचा कर आहे. त्याची पावती कोठेच मिळत नाही.

आता पुनर्विकास आला आहे. बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, ही आनंदाची गोष्ट आहे. पण उद्या शहरात नव्याने येणाऱ्या मजुराला पूर्वीच्या चाळीसारखी स्वस्त खोली कोण देणार, याचे उत्तर त्या योजनेत नाही. ज्या घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरने ११ जुलै १९९७ रोजी दहा भीमसैनिकांचे बलिदान पाहिले, तेथेही हजारो कुटुंबे भाड्याचे धनादेश घेऊन पुनर्विकासासाठी बाहेर पडली. हजारो कुटुंबे एकाच वेळी एकाच परिसरात खोली शोधू लागली की भाडे चढणारच. धनादेशाची रक्कम ठरलेली असते, बाजारभाव ठरलेला नसतो. त्यात आधीचा पत्ता विचारला की जात वेगळी सांगावी लागत नाही. विकासकांनी झोपडीधारकांचे भाडे थकवल्याच्या तक्रारी एवढ्या वाढल्या, की झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाला २०२३ मध्ये दोन वर्षांचे भाडे आगाऊ जमा करण्याची अट घालावी लागली. घर मिळेपर्यंत कुटुंब टिकले पाहिजे, हे सांगायलाही परिपत्रक लागते!

या भाडेवाढीचा सर्वांत क्रूर परिणाम सफाई कामगाराच्या घरात दिसतो. पालिकेची खोली नोकरीशी बांधलेली आहे. बाप निवृत्त झाला किंवा मेला, की खोली सोडावी लागते. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसाला झाडूची नोकरी मिळते. मुलगा पदवीधर असतो, पण बाहेरचे भाडे परवडत नाही. म्हणून छप्पर वाचवायला तो बापाचा झाडू हातात घेतो. मनुस्मृतीने जे बंधन धर्माच्या नावाने घातले, ते आज भाड्याच्या दराने घातले जात आहे. मुंबईचे घरभाडे वाढले, याचा आपल्या समाजापुरता अर्थ हा आहे.

शिकायला आलेल्या मुलांचे हाल वेगळे नाहीत. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याने २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणली. त्या वेळी मुंबई-पुण्यासाठी वर्षाला साठ हजार रुपये ठरले. त्यात निवासाचे वीस हजार, म्हणजे महिन्याला सोळाशे सदुसष्ट रुपये. एवढ्यात मुंबईत खोली सोडाच, कॉट बेसिसवर खाटही मिळणे कठीण. सरकारी कर्मचाऱ्याचा घरभाडे भत्ता शहर पाहून आणि महागाईबरोबर वाढतो. मग विद्यार्थ्याचा निवास भत्ता बाजारभावाशी का जोडला जात नाही?

कायदा नाही, असे कोणी म्हणू नये. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही कोणत्याही वस्तीत घर मिळवण्यास किंवा राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा आहे. घर भाड्याने देण्यास नकार देणे हे याच कायद्यातल्या बहिष्काराच्या व्याख्येत बसते. कलम १२ नुसार, पीडित अनुसूचित जातीचा असेल तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले, असे न्यायालयाने गृहीत धरायचे आहे. तसे नव्हते, हे आरोपीने सिद्ध करायचे आहे. सहकार कायद्याचे कलम २३ सदस्यत्व सर्वांना खुले ठेवते. भाडेकरू ठेवण्यासाठी सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवणे पुरेसे असते. मग 'सोसायटीला चालत नाही' हे वाक्य कोठून येते? ते कायद्यातून येत नाही, जातीतून येते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी सोसायटीला सदस्यत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याची मुभा दिली. त्या निकालाचा आडोसा घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की अस्पृश्यतेच्या नकाराला त्या निकालाने परवाना दिलेला नाही. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा आणला आणि त्यात घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती ठेवली. पण जात पाहून घर नाकारणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. 'आदर्श' कायदा जातीबाबत मुका असावा, हा योगायोग नव्हे.

२०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारली गेली, तेव्हा सर्व पक्षांचे पुढारी धावले. धावलेच पाहिजे होते. पण बौद्ध, मातंग, चर्मकार आणि मुस्लिम भाडेकरूला रोज जो नकार मिळतो, तेव्हा हा मराठी बाणा कोठे दडून बसतो? नकार देणारा मराठी असला की तो अन्याय राहत नाही काय?

सरकारकडे आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे. सरकारने पुन्हा भाड्याची घरे बांधावीत आणि ती विकू नयेत. २००८ मध्ये एमएमआरडीएने भाड्याच्या घरांची योजना आणली होती. पुढे ती विक्रीच्या घरांकडे वळली. हे पुन्हा होता कामा नये. सफाई कामगारांची घरे नोकरीपासून सोडवून त्यांच्या नावावर करावीत. प्रत्येक पुनर्विकासात विद्यार्थी व कामगार वसतिगृहासाठी जागा राखावी. स्वाधारची रक्कम दरवर्षी भाड्याच्या दराप्रमाणे वाढवावी.

आणि काही कामे आपली आहेत. नकार मिळाला की गप्प बसू नका. जाहिरात, संदेश, कॉलची वेळ, दलालाचे नाव जपून ठेवा, सोबत साक्षीदार न्या, तक्रार लेखी करा. कायदा वापरला नाही तर तो गंजतो. बुद्धविहारांच्या आणि मंडळांच्या फलकांवर रिकाम्या खोल्यांची माहिती लागली पाहिजे. आरक्षणाच्या आधाराने शिकून, नोकरी करून ज्यांनी दोन घरे घेतली, त्या समाजबांधवांना एक प्रश्न आहे. तुमचे दुसरे घर भाड्याने देताना तुम्हीही दलालाच्या तोंडून 'चांगले लोक हवेत' असेच सांगता काय? परभणी-लातूरहून शिकायला आलेल्या एका मुलाला त्यातली एक खोली वाजवी भाड्यात देता येणार नाही काय? बाबासाहेबांना बडोद्यात पाठ दाखवणाऱ्या त्या दोन मित्रांच्या रांगेत आपण उभे राहायचे नाही.

पाण्यासाठी महाड झाले. छपराची लढाई अजून बाकी आहे. ती नोंदणी कार्यालयात, सोसायटीच्या सभेत, पोलीस ठाण्यात आणि आपल्या स्वतःच्या दारात लढावी लागेल. जयभीम!