गव्हावांचून जेवण

गहूं ज्यांच्या पोटास सोसत नाहीं अशा मुलांना खावयास काय द्यावें, असें आमच्या शाळेंतील कांहीं पालक आतां विचारूं लागले आहेत. विचारतांना त्यांच्या मुद्रेवर जी भीति दिसते, ती पाहून आम्हांस वाटतें कीं, रायगडच्या किनाऱ्यास आपल्याच स्वयंपाकघराचा विसर पडत चालला आहे.

कणीक मळतांना तिला जो चिवटपणा येतो, तो ग्लूटेन नांवाच्या द्रव्यामुळें. हें द्रव्य गहूं, जव व राय या धान्यांत असतें. सिलिअॅक नामक विकारांत तें पोटांत गेलें कीं शरीराची संरक्षक शक्ति उलटून लहान आंतड्याच्या अस्तरावरच घाला घालते. मग खाल्लेलें अंगीं लागत नाहीं, मूल खुरटतें, रक्त कमी होतें. हॉलंडमधील बालवैद्य विलेम डिके यांनीं १९५० सालच्या आपल्या प्रबंधांत गव्हाचा हा दोष दाखवून दिला. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत त्या देशांत उपासमार होऊन पाव मिळेनासा झाला, तेव्हां हीं रोगी मुलें सुधारलीं व पाव परत येतांच पुन्हां खालावलीं, या अनुभवानें त्यांच्या मतास बळकटी आली. जन्मभर पथ्य पाळणें हाच अद्याप यावर उपाय आहे.

पंजाबांतील आईस या पथ्यासाठीं सारा स्वयंपाक बदलावा लागेल. अलिबाग, रेवदंडा, मुरूड किंवा श्रीवर्धन येथील आईस काय बदलावयाचें आहे? उकड काढून थापलेली तांदळाची भाकरी, घावन, नागपंचमीच्या पातोळ्या, नाचणीची आंबील, यांत गव्हाचा कण नाहीं. आमचे बेने इस्राएल शेजारी एलीया संदेष्ट्याच्या नांवानें जो मलिदा करतात, तोही पोहे, खोबरें, साखर व फळें यांचाच. परंतु चपाती सुधारलेल्या घराचें लक्षण ठरली आणि भाकरी मागें पडली. डब्यांत भाकरी निघाली कीं शेजारचीं मुलें हसतात. तें हसूं चुकविण्यासाठीं पथ्याचें मूल मित्राची चपाती खातें, आणि रात्रभर पोट धरून बसतें. हा विकाराचा दोष नव्हे, आमच्या खोट्या प्रतिष्ठेचा आहे.

तथापि आपण भात खाणारे, म्हणून निर्धास्त राहणें बरें नव्हे. गहूं आडवाटेनें शिरतो. मासळी तळतांना ती रव्यांत घोळतात. तेथें तांदळाचें पीठ घ्यावें. कित्येक घरीं वड्यांच्या पिठांत गहूं घालण्याची चाल आहे. बाजारच्या खड्यांच्या व पुडीच्या हिंगांतही बहुधा गव्हाचें पीठ मिसळलेलें असतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. सर्वांत मोठा धोका गांवच्या गिरणीचा. गव्हाचें दळण उतरतांच त्यामागून तांदूळ टाकले कीं, त्या पिठाची भाकरी दिसावयास निर्दोष, पण रोग्यास बाधक. ज्यांना शक्य असेल त्यांनीं निराळी घरघंटी घ्यावी. नसेल त्यांनीं घरीं जात्यावर दळावें. तवा व पोळपाटही वेगळे हवेत.

‘ग्लूटेनरहित’ अशी चिठ्ठी लावलेल्या पदार्थांत किलोमागें २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन नसावें, असा आपल्या देशांतील नियम आहे. ज्यांना विकार नाहीं अशीं माणसें हौसेनें हे महाग पुडे आणतात, त्याचें आम्हांस हसूं येतें. मात्र ज्यास शंका आहे त्यानें गहूं बंद करण्यापूर्वींच डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावें, कारण गहूं सोडल्यावर परीक्षा फसते.

ख्रिस्ती मंडळ्यांपुढें आणखी एक प्रश्न आहे. रोमन कॅथॉलिक मंडळींत पवित्र भाकर गव्हाचीच हवी. अत्यल्प ग्लूटेनची चालते, पण अगदीं ग्लूटेनरहित चालत नाहीं, असें व्हॅटिकनच्या २०१७ सालच्या पत्रानें पुन्हां स्पष्ट केलें. अशा रोग्यास केवळ द्राक्षारस घेऊनही सहभागी होतां येतें. आम्हां प्रॉटेस्टंटांस तर असें बंधनही नाहीं. मग प्रभुभोजनाच्या वेळीं तांदळाच्या भाकरीची एक निराळी ताटली ठेवण्यास पाळकांनीं संकोच कां करावा? एक लेंकरूं मेजापासून परत फिरावें, यापेक्षां ती ताटली शतपटीनें शोभेल.

येत्या नाताळच्या समारंभांत केकशेजारीं नारळाच्या वड्या ठेवाव्या, त्या निराळ्या ताटांत असाव्या व वाढणाऱ्यानें केकचा हात त्यांस लावूं नये, अशी आमची व्यवस्थापक मंडळास सूचना आहे.