जीर्णोद्धार हवा, मोडतोड नको

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. सन १६०८ मध्ये रामनवमीच्या दिवशी समर्थ रामदासस्वामींचा जन्म येथे झाला, म्हणून ते 'जांब समर्थ' या नावाने ओळखले जाते. ऑगस्ट २०२२ मध्ये तेथील श्रीराम मंदिरातील प्राचीन मूर्ती चोरीस गेल्या आणि सारा महाराष्ट्र हळहळला. पुढे पोलिसांनी त्या शोधून काढल्या, तेव्हा कुठे भाविकांच्या जिवात जीव आला. मधल्या काळात कोणी येऊन म्हटले असते की, "जुन्या मूर्तींचा शोक कशाला? त्याहून सुबक, त्याहून झळाळत्या मूर्ती आम्ही घडवून देतो," तर त्याने कोणाचेही समाधान झाले नसते. झाले असते तर तो भक्तिभाव कसला?

याच वर्षीच्या फेब्रुवारीत अगदी वेगळ्या क्षेत्रातील एक घोषणा झाली होती. एका काळी देशातील मुलांना वेड लावणाऱ्या 'शक्तिमान' या मालिकेवर भव्य चित्रपट काढण्याचे सोनी पिक्चर्सने जाहीर केले. एक नव्हे, तीन चित्रपट. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असे वाचक विचारतील. मंदिरातील मूर्ती आणि दूरदर्शनवरील मालिका यांची तुलना होऊ शकत नाही, हे मान्यच आहे. तथापि जुने, मनात रुजलेले रूप कोणी नव्याने घडवू पाहतो तेव्हा माणसाच्या मनात जी घालमेल होते, तिची जात एकच असते. नवे रूप पाहण्याची ओढही असते आणि जुने भंगेल ही धास्तीही असते. आज तिशी-चाळिशीत असलेली पिढी या घालमेलीतून जात आहे. तिची टिंगल करून चालणार नाही, कारण प्रश्न करमणुकीपुरता नाही. उद्याच्या मुलांसमोर 'वीर' म्हणून कोण उभा राहणार, हा आहे.

सप्टेंबर १९९७ ते मार्च २००५ या काळात 'शक्तिमान' दूरदर्शनवर चालली. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत तेव्हा घरोघरी दूरचित्रवाणी संच नव्हते. ज्याच्या घरी संच, त्याच्या ओसरीवर रविवारी दुपारी गल्लीतील सगळी मुले जमत. नेमकी त्याच वेळी वीज गेली तर विद्युत मंडळाच्या नावाने बोटे मोडली जात. आज शहरांत स्थिरावलेला, संगणकावर काम करणारा तरुण त्या आठवणीने हळवा होतो तो उगाच नव्हे. एका संचासमोर साऱ्या गल्लीने एकत्र बसणे हाही एक संस्कार होता.

मालिकेत होते तरी काय? वर्तमानपत्राच्या कचेरीत धांदरटपणे वावरणारा छायाचित्रकार गंगाधर हाच मुळात शक्तिमान असतो. त्याची शक्ती परग्रहावरून आलेली नाही. प्रयोगशाळेतील अपघातातूनही ती लाभलेली नाही. सूर्यांशी ऋषींच्या मार्गदर्शनाखाली ध्यानधारणा, योगसाधना आणि पंचमहाभूतांवरील अधिकार यांतून ती सिद्ध झाली आहे. खलनायक आहे अंधाराचा उपासक तमराज किल्विष. भागाच्या अखेरीस नायक मुलांना सांगे: दात घासा, खोटे बोलू नका, वीज वाया घालवू नका, थोरांचा मान राखा. कथानक पाश्चात्त्य विज्ञानकथेच्या साच्यातले होते. वर्तमानपत्रात नोकरी करणारा साधाभोळा नायक आणि त्याच्यासोबत धाडसी महिला पत्रकार, ही जोडी थेट अमेरिकेतील 'सुपरमॅन'वरून उचलली होती. पण त्या साच्यात ओतलेला रस भारतीय होता. सामर्थ्य हे तपाने मिळते आणि संयमाने टिकते, ही ती धारणा. जांबच्या त्या बालयोग्याने सतराव्या शतकात गावोगावी मारुतीची स्थापना करून तरुणांना बलोपासनेला लावले, त्यामागेही हीच धारणा होती.

अर्थात आठवणींच्या धुक्यात दोष झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. मालिकेची तांत्रिक बाजू तोकडी होती. गरगर फिरत आकाशात झेपावणारा नायक आजच्या मुलांना हसू आणील. शक्तिमान वाचवायला येईल या भरवशावर मुलांनी नको ते धाडस केल्याच्या बातम्या त्या काळी छापून आल्या होत्या. त्यांतील खऱ्या किती यावर पुष्कळ वाद झाला. परंतु शेवटी मालिकेतूनच मुलांना सावध करावे लागले. याहून मोठा दोष असा की, विज्ञानाचे प्रतिनिधित्व तेथे बहुधा डॉ. जॅकाल याच्यासारख्या विकृत शास्त्रज्ञाकडे होते. अध्यात्म म्हणजे सज्जनता आणि प्रयोगशाळा म्हणजे कारस्थान, अशी विभागणी कळत नकळत होत होती. ती आपल्या परंपरेला धरून नव्हती. ज्या भूमीने आर्यभट आणि भास्कराचार्य दिले, तिच्या बालनायकाला विज्ञानाचे वावडे असण्याचे कारण नाही. चांद्रयान-३ हे २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, तेव्हा ते दृश्य डोळ्यांत साठवणाऱ्या मुलांना तर ही विभागणी मुळीच पटणार नाही. तेव्हा मालिकेची नवी आवृत्ती निघूच नये, असे म्हणता येत नाही. उलट, काही दुरुस्त्यांसाठी ती निघायला हवी.

मग धास्ती कशाची? धास्ती गाभा हरवण्याची आहे आणि तिला अनुभवाचा आधार आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि २८ मार्चपासून दूरदर्शनने रामानंद सागर यांची 'रामायण' ही १९८७ सालची मालिका पुन्हा दाखविली. १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिल्याचे दूरदर्शनने जाहीर केले. तेहतीस वर्षांपूर्वीचे ते चित्रण, तो साधा नेपथ्यविभाग, ते बाणांचे बाळबोध युद्ध. तरीही आजोबा आणि नातवंडे एकत्र बसली. आणि तीनच वर्षांनी, १६ जून २०२३ रोजी, प्रचंड खर्चाचा 'आदिपुरुष' आला. दिग्दर्शक ओम राऊत हे मराठी. 'लोकमान्य' आणि 'तान्हाजी'मुळे त्यांच्याकडून समाजाला मोठ्या अपेक्षा होत्या. पण पडद्यावर हनुमंताच्या मुखी नाक्यावरची भाषा ऐकू आली आणि प्रेक्षक संतापले. संवाद बदलावे लागले, न्यायालयानेही कान टोचले. तंत्र नवे होते, पैसा होता, हेतूही कदाचित वाईट नसेल. मात्र ज्याची कथा सांगायची त्याच्यापुढे आधी नम्र व्हावे लागते, ते राहून गेले.

महाभारताचेही तेच. बी. आर. चोप्रा यांची मालिका १९८८ ते १९९० या काळात गाजली. २००८ साली दुसऱ्या एका वाहिनीने नवे, चकचकीत महाभारत आणले. त्याच वर्षी ते गुंडाळावे लागले. परंतु २०१३ मध्ये सुरू झालेल्या आणखी एका महाभारताने तरुण प्रेक्षक मिळविला. म्हणजे नवे म्हणून सारेच बुडते असे नाही आणि जुने म्हणून सारेच तरते असेही नाही. चोप्रांच्या महाभारताचे संवाद राही मासूम रझा यांनी लिहिले होते, हेही येथे आठवावे. लेखक कोणत्या घरात जन्मला यापेक्षा तो विषयाशी किती तन्मय झाला, हे महत्त्वाचे ठरले.

ही घालमेल केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत १९७८ साली 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' नावाची अंतराळमालिका आली होती. यंत्रमानवांनी उद्ध्वस्त केलेल्या मानवजातीचे उरलेसुरले लोक पृथ्वीचा शोध घेत निघतात, अशी ती कथा. २००३ मध्ये तिची नवी आवृत्ती आली तेव्हा जुने चाहते खवळले. एक लाडके पुरुषपात्र नव्या मालिकेत स्त्री झाले होते. मूळ मालिकेतील एक प्रमुख अभिनेते रिचर्ड हॅच यांनी जुनी कथाच पुढे चालवावी म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली होती. नव्या आवृत्तीला त्यांचा विरोध होता. पण निर्मात्यांनी त्यांना बोलावले, तेही नव्या मालिकेत वेगळ्या भूमिकेत उतरले आणि त्या मालिकेला पुढे मोठी मान्यता मिळाली. जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी: त्या नव्या मालिकेच्या शीर्षकसंगीतात गायत्री मंत्र योजलेला आहे! सातासमुद्रापलीकडचा संगीतकार विश्वाच्या अनंततेसाठी शब्द शोधू लागला, तेव्हा त्याला आपल्या ऋषींच्या दारी यावेसे वाटले. आणि आपण? आपल्या नायकाला आधुनिक करायचे म्हणजे त्याचे ध्यान, त्याचा संयम काढून घ्यायचा, असे आपल्या चित्रसृष्टीला वाटत नाही ना, ही खरी शंका आहे.

'शक्तिमान'च्या संदर्भात वाद पेटला तो नायकाच्या निवडीवरून. रणवीर सिंह यांचे नाव चर्चेत आले, तेव्हा मूळ मालिकेचे निर्माते आणि नायक मुकेश खन्ना यांनी २०२४ मध्ये जाहीर विरोध केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो परिचित गणवेश घालून ते स्वतः पुन्हा अवतरले, तेव्हा त्यांच्याच जुन्या चाहत्यांमध्ये दोन तट पडले. काहींचे डोळे पाणावले, तर काहींना वाटले की आता हा वसा पुढच्या पिढीकडे द्यावा. आम्हांला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. ज्याने रोप लावले त्याला त्याची काळजी वाटणारच. पण वृक्ष कोणा एकाच्या देहाबरोबर संपत नसतो. अरुण गोविल यांनी नव्या 'रामायण' चित्रपटात दशरथाची भूमिका स्वीकारली, त्यातील औचित्य येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. कालचा राम आज पित्याच्या जागी उभा राहून नव्या रामाला आशीर्वाद देतो. परंपरा पुढे जाते ती अशी.

मुळात पुनर्निर्मिती ही कल्पना आपल्याला परकी नाही. आपल्याकडे तिला जीर्णोद्धार असा सुंदर शब्द आहे. वाल्मीकींची कथा कंबनांनी तमिळमध्ये, तुलसीदासांनी अवधीत सांगितली. जांबपासून फार दूर नसलेल्या पैठणात एकनाथांनी 'भावार्थ रामायण' रचले आणि समर्थांनी स्वतः सुंदरकांड व युद्धकांड मराठीत आणले. मोरोपंतांनी तर शंभराहून अधिक रामायणे लिहिली. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि बाबूजींचे 'गीतरामायण' सुरू झाले, तेव्हा रामकथेने नभोवाणीचे नवे वाहन स्वीकारले. प्रत्येकाने काही गाळले, काही नवे घातले. युद्धकांडावर भर देण्यामागे समर्थांच्या काळाची निकड होती. तरीही कोणी म्हटले नाही की राम बदलला. कारण बदल भाषेत होता, वाहनात होता, निष्ठेत नव्हता. सोमनाथ १९५१ मध्ये आणि अयोध्येतील श्रीराममंदिर २२ जानेवारी २०२४ रोजी उभे राहिले, तेव्हा दगड नवे होते, यंत्रे नवी होती. स्थान आणि संकल्प मात्र जुने होते. मूर्ती नवी घडते, पण प्राणप्रतिष्ठेवाचून ती मूर्ती होत नाही.

हीच कसोटी नव्या 'शक्तिमान'ला लावावी. गणवेश बदलला, नवे तंत्र आले, गीता विश्वास अधिक कर्तृत्ववान झाली, शास्त्रज्ञ नायकाच्या बाजूने उभा राहिला, तर स्वागतच आहे. परंतु तपाची जागा निव्वळ मारधाडीने घेतली, संयमाची जागा थिल्लर विनोदाने घेतली आणि ऋषी हे चेष्टेचे पात्र झाले, तर ते नाव वापरण्याचा नैतिक अधिकार निर्मात्यांना उरणार नाही. मग त्यांनी खुशाल दुसरे नाव घ्यावे.

मात्र सारा भार निर्मात्यांवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. कालची ओसरी गेली. आज घनसावंगीतील मूलही आपापल्या भ्रमणध्वनीत डोके घालून एकटे बसते आणि त्याच्यापुढे जपान-अमेरिकेतील नायकांची रांग लागलेली असते. त्याला कोणी सोबत बसून सांगणारा नाही की, यातले घ्यावे काय आणि टाकावे काय. आपल्या संस्कारवर्गांतून, बालशाखांतून मुलांशी या कथांवर बोलायला काय हरकत आहे? मराठीत तर डॉ. जयंत नारळीकरांसारख्या जागतिक कीर्तीच्या शास्त्रज्ञाने विज्ञानकथेची वाट रुंद करून दिली. मे २०२५ मध्ये ते गेले. अंधश्रद्धेवर त्यांनी कठोर प्रहार केले. त्यांची सगळीच मते सर्वांना पटत असत असे नाही. पण मराठी मुलाला आकाशाकडे कुतूहलाने पाहायला त्यांनी शिकविले, हे ऋण मोठे आहे. त्या वाटेने चालणारे, विज्ञानाची शिस्त आणि या मातीचे सत्त्व एकत्र सांधणारे किती तरुण लेखक आपण उभे केले? जुन्या नायकाच्या नव्या रूपावर वाद घालणारी पिढी स्वतः नवा नायक निर्माण करीत नसेल, तर तिची हळहळ स्मरणरंजनापलीकडे जात नाही.

जांबचा नारायण बारा वर्षांचा असताना 'सावधान' हा एक शब्द ऐकून बोहल्यावरून निघाला आणि समर्थ झाला. वारसा डोळ्यांत तेल घालून जपायचा आणि निर्भयपणे नवा घडवायचाही, हा त्या एका शब्दाचा आजचा अर्थ आहे. देव्हाऱ्यातील मूर्ती चोरीस गेली तर निदान गाव जागे होते. मनातील मूर्ती चोरीस जाते तेव्हा आवाज होत नाही. आपल्या मुलांच्या मनात कोणती मूर्ती बसते आहे, हे ज्याने त्याने आपल्या घरात आजच पाहिले पाहिजे.