पान लागलं तर दवाखान्यात नोंद होऊ द्या

वसमत, कळमनुरीकडं पावसाळ्यात आखाड्यावरचा मुक्काम वाढतो आणि पान लागल्याच्या, म्हणजे साप चावल्याच्या, बातम्याही वाढतात. अजूनही काही ठिकाणी माणसाला आधी मांत्रिकाकडं नेतात. त्यात वेळ जाऊन जीव जातो, हे तुम्ही ऐकलेलं आहे. मला सांगायचं आहे ते त्यापुढचं. मांत्रिकाकडं गेलेला रुग्ण सरकारच्या कुठल्याच वहीत लागत नाही, आणि ज्या दुखण्याची नोंद नाही त्यावर औषध बनवायला कुणी पुढं येत नाही.

सापाचं इंजेक्शन, म्हणजे प्रतिविष, घोड्याला थोडंथोडं विष टोचून त्याच्या रक्तापासून तयार करतात. ही रीत १८९०च्या दशकातली. आपल्याकडचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. सव्वाशे वर्षांत याहून सरस काही सहज का आलं नाही? कारण साप चावतो तो शेतमजुराला, आणि त्याच्या खिशाकडं बघून कंपन्या संशोधनात पैसा घालत नाहीत. फ्रान्सच्या सानोफी कंपनीनं आफ्रिकेसाठीचं प्रतिविष २०१४मध्ये बनवणं थांबवलं. औषध गुणाचं होतं, धंदा परवडत नव्हता.

आपल्याकडं या इंजेक्शनच्या किमतीला सरकारची कमाल मर्यादा आहे. ती हवीच, एका रुग्णाला दहा-वीस बाटल्याही लागतात. पण नुसती किंमत दाबून भागत नाही. खरेदी केंद्र उघडेल याची खात्री नसेल तर सोयाबीनचा पेरा आपण तरी वाढवतो का? कारखानदारालाही ठरलेली सरकारी खरेदी लागते. ती खरेदी आकड्यांवर ठरते आणि आकडे केसपेपरवरून येतात. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, हा अंदाज घरोघरी विचारपूस केली तेव्हा हाती आला. दवाखान्यांच्या कागदांत त्याचा लहानसा हिस्साच दिसतो.

म्हणून पान लागलं तर चिरा देऊ नका, दोरी आवळू नका, साप मारून आणायच्या भरीला पडू नका. हात किंवा पाय मोडल्यासारखा स्थिर ठेवा आणि १०८ला फोन करा. मण्यार रात्री झोपेत चावते, दुखतही नाही. पहाटे पोटात कळ आली आणि पापण्या जड झाल्या तर दाताची खूण शोधत बसू नका, निघा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३पासून उपचार मोफत आहेत. घरी सोडताना कागदावर ‘सर्पदंश’ असं लिहिलंय ना, ते बघा. घरातला शेतकरी दगावलाच, तर गोपीनाथ मुंडे योजनेच्या २ लाखांसाठीही कागदच मागतात.

आणि मृगाच्या आधीच्या ग्रामसभेत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवा. प्रतिविषाच्या बाटल्या किती आहेत, त्यांची मुदत कधी संपते आणि गेल्या वर्षी किती दंश नोंदले, एवढं विचारा. उत्तर ठरावाच्या वहीत लिहून घ्या. सर्पदंशाचे मृत्यू २०३०पर्यंत निम्मे करायचे, असा आराखडा केंद्र सरकारनं मार्च २०२४मध्ये काढला आहे. बाटल्या कमी निघाल्या तर त्याचा हवाला देऊन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडं मागणी करा, आणि अर्जावर पोच घ्या.